आईसाठी बांधलेली चाल

कोथरूड, पुणे
१२ जून २००२

डेस्मंड,

तू मराठी विसरला नसशील, असं धरून लिहिते. माझ्या बाबांनीच शिकवली तुला. त्रिनिदादहून तू इथे कॉलेजात आलास, तेव्हा तुझ्याकडे ट्रम्पेट होतं, ऐकणारं कुणी नव्हतं. बाबांनी तुला आपल्या बँडमध्ये घेतलं, जयंतीच्या मिरवणुकीत स्वतःशेजारी उभं केलं. आई गेली त्या वर्षी त्यांनी बांधलेली चाल बँडमधल्या कुणालाही दिली नव्हती, ती तुला दिली. मीही बरंच काही दिलं, पण ते राहू दे.

काल ऑफिसात इंटरनेटवर तू सापडलास. मोठा संगीतकार झालास, अभिनंदन. तीच चाल आणि खाली तुझं नाव. 'ही धून मला आमच्या बेटावरच्या समुद्राने दिली,' असं मुलाखतीत म्हणालास. पुण्याला समुद्र कधी आला, तेवढं कळव.

ती सीडीवर उतरवून मी घरी नेली. बाबांचे पुढचे दात गेलेत, आता वाजवता येत नाही. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "पोराने नाव काढलं," म्हणाले. मग विचारलं, "माझं नाव घातलंय ना गं त्याने?"

"हो बाबा. पहिलंच आहे."

ते रडले. म्हणाले, "त्याला आभाराचं पत्र लिही, आजच."

ते हे पत्र. पण मी ते पोस्टात टाकणार नाही. तुझं उत्तर आलं, तर बाबा मला ते मोठ्याने वाचायला लावतील, आणि दुसऱ्यांदा खोटं बोलणं मला जमणार नाही.

पूर्वा