काळजाचा पक्का रंग

३ जून १९९९, कोपरगाव

ठरलं! माझ्या यकृताचा तुकडा प्रवीणला. दिल्लीला नेऊन बसवणार. बारा वर्षांचा माझा भाऊ, पोट फुगून टम्म — दुसरा इलाजच उरला नाही म्हणे. रक्तगट माझा जुळतो, आईचा नाही. आई म्हणाली, 'काळीज कापून दिल्यावर तू जगशील कशी गं?' किती समजावलं — ते परत वाढतं, आई! तिचं एकच — 'काळीज काय नख हाय, वाढायला?' हसू आलं. रडूही.

६ जून

उद्या नगरला माझी तपासणी; आई न् प्रवीणही बरोबर. दुकानात लक्ष नव्हतं. मोरपंखी साडीला पोपटी ब्लाउजपीस फाडून दिलं. मॅचिंग सेंटरवाली मी!

७ जून, नगर

डॉक्टरबाईंनी हातात हिरवा रंग टोचला. गर्द, कारल्याच्या पानासारखा. थोड्या वेळाने दुसऱ्या हातातून रक्त काढलं. म्हणाल्या, हा रंग थेट यकृतात जातो, खास कॅमेऱ्यातून पाहिला तर चमकतो. परदेशात त्यानं डोळ्यातल्या बारीक शिरा बघतात. पुढेमागे ऑपरेशनच्या टेबलावर यकृतही असंच उजळलेलं दिसेल! 'मला दाखवाल?' 'अहो, तो कॅमेरा इथं कुठला!'

मग दुपारभर कॉटवर पडून मीच पाहत राहिले. भंडारदऱ्याला मावशीच्या शेताजवळ काजव्यांचं झाड होतं — सगळं एकदम विझायचं, एकदम पेटायचं. तसं माझं काळीज, प्रवीणच्या पोटात. तो शाळेत निघालाय, सदऱ्यातून हिरवा उजेड, पोरं मागे. 'प्रवण्या, पोटात काय रे?' हा ऐटीत — 'आमची अक्का हाय!' डोळे उघडूच नयेत असं वाटत होतं.

८ जून

सकाळी नर्स कागद बघून म्हणाली, 'रंग बराच टिकलाय तुमचा.' टिकलाय! केवढा आनंद झाला. आमच्या दुकानात रंग टिकला म्हणजे माल अस्सल. आईला म्हटलं, बघ, तुझ्या लेकीचा रंग पक्का! आईनं पहिल्यांदाच मान डोलावली. 'दे मंग.' प्रवीणचे गाल ओढले. सगळ्या वॉर्डाला सांगत सुटले.

९ जून

उलटं असतं ते. धडधाकट यकृत रंग रक्तातून झटक्यात काढून टाकतं. माझ्या यकृताला काढता आला नाही. डोळे तपासले, बुबुळाभोवती प्रवीणसारखंच तांबूस कडं; पुन्हा रक्त घेतलं — प्रवीणचाच आजार, आई-बापाकडून आलेला, माझ्यातही आहे. मला देता येणार नाही.

प्रवीण पोट सावरत माझ्या कॉटवर येऊन बसला.

'अक्के, मंग तुला कोन देनार?'