तळाजवळचं पाणी

३ सप्टेंबर
न्हावऱ्याच्या एसटीतून उतरले तर म्हस्कूआप्पा बॅग घ्यायला फाट्यावर हजर. घोड नदीवरच्या एका जुन्या पुलाचे खांब पाणी तळाशी किती पोखरतंय, ते मोजायचं काम मिळालंय. सहा आठवडे. आप्पा पाण्यात मदतीला, राहायलाही त्यांच्याच घरात एक खोली. त्यांच्या बायकोनं, गिताबाईंनी, शेळीच्या दुधाचा चहा दिला, मग भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. फार दिवसांनी पोटभर जेवले.

७ सप्टेंबर
आज खांबाजवळ लाल रंग सोडून पाण्याखालच्या कॅमेऱ्यातून पाहिला. वरून नुसता खळखळाट. तळाजवळ मात्र पाण्याला शिस्त असते. संथ पाण्याचे लांब पट्टे पडतात. त्यातला एखादा उचलला जातो, वाकतो, आणि केसांतल्या आकड्यासारखा भोवरा तयार होतो: दोन पाय तळाला, वाकलेला माथा वर. क्षणात फुटतो आणि वाळू उधळतो. की लगेच दुसरा. गिताबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून स्क्रीनशेजारी धरला आणि खूप हसल्या. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "ताई, ही जागा वढती. मेंढरं व्हती तवाबी हितं कवा पाजली न्हाईत."

१८ सप्टेंबर
धरणातून पाणी सोडलंय. पुण्याच्या ऑफिसला मात्र या खांबाचं शेवटचं मोजमाप आजच हवं होतं. आप्पा छातीभर पाण्यात पट्टी धरून उभे होते, कंबरेला दोरी. त्या दोरीमागे वेगळेच भोवरे उठून माझं चित्रण बिघडत होतं. मी दोरी सोडायला सांगितली. ते म्हणाले, "आज नगं, ताई." मी म्हणाले, दोनच मिनिटं.
त्यांनी सोडली.

१९ सप्टेंबर
आप्पा सकाळी दोन किलोमीटर खाली सापडले.
पोलिसांना मी सांगितलं, दोरी त्यांनी स्वतःच्या हातानं सोडली. वाक्य खरं आहे. मी तेवढंच बोलले.

२० सप्टेंबर
गिताबाई माझ्यासमोर हात जोडून म्हणाल्या, त्यांनी दोरी सोडली आणि तुमच्या जिवाला घोर लावला, राग धरू नका. मी त्यांचे हात धरले. माझे हात थंड होते.

२३ सप्टेंबर
त्या दिवशीचं चित्रण आज पाहिलं. आप्पा गेल्यावरही कॅमेरा चालूच होता. सगळे आकडे फुटतात, एक फुटत नाही. दोन पाय तळाला, माथा वाकलेला, आणि मध्ये, कंबरेच्या उंचीवर, रंगाचे दोन धागे चाचपडताहेत. सुटलेली गाठ शोधावी तसे. वाहत्या पाण्यात कुठलीही आकृती इतकी टिकत नाही. ही चार मिनिटं टिकली.

२८ सप्टेंबर
दशक्रिया विधी. उदबत्तीचा धूर घाटाच्या भिंतीला लागून सरकत होता. मग उचलला गेला. वाकला. कावळा शिवला, सगळे उठले. मी तिथेच बसून राहिले. दुसऱ्या कुणाला काही दिसलं नाही.

३० सप्टेंबर
अहवाल छापायला शिक्रापूरला गेले. भर दुपारी ट्रकमागची धूळ कंपाउंडच्या भिंतीला घासून उठली. ट्रक गेला, धूळ बसली. तिच्यातली एक लकेर तशीच उभी. दोन पाय. मी अहवाल न घेताच —

२ ऑक्टोबर
भाताच्या पेजेत. न्हाणीच्या फरशीवरून वाहणाऱ्या पाण्यात. जिथे काही वाहतं तिथे.
गिताबाई ताट वाढून समोर बसतात. मी जेवेपर्यंत नजर हलवत नाहीत. मी रोज तोंड उघडते आणि घास घालते.

४ ऑक्टोबर, सकाळ
सांगितलं. चुलीपुढे बसून गिताबाईंना सगळं सांगितलं. दोन मिनिटं म्हणाले ते, पोलिसांपुढे गप्प राहिले ते.
त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला पयल्या दिसापासनं ठावं हाय. त्ये येत्यात रोज, हितंच बसत्यात. मीच म्हनलं, तिला तिच्या तोंडानं बोलू द्या, तवर हात लावू नगा."
मग उठल्या आणि बाहेरून कडी घातली.
ओरडून पाहिलं. त्या दाराशीच आहेत, पण —
चुलीचा धूर वर जात नाहीये. भिंतीला धरून — दोन —
मी सांगितलंय, आप्पा. मी आत्ताच सगळं —
माथा वाकतोय. गाळाचा वास. वही ओली हो