दिवसाला चारशे टन

सोमवार, ३ तारीख
डोकं फिरलंय. चिंगीच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये अंगात सूज असल्याचं निघालं. वय वर्षं सतरा! या वयात मी पोती मोजायचो, तेही उभ्याने. तिच्या हँडबॉल संघाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघा दुखावलाय त्याची असेल, नाहीतर सतत बसणं आणि अपुरी झोप यांचीही असू शकते, आत्ताच सांगता येणार नाही. चौदा दिवस मनगटावर बँड. हालचाल, बसणं, झोप, सगळं त्यात टिपलं जाणार. मग पुन्हा रक्त. त्यावरून ठरणार, पोरगी २३ तारखेची फायनल खेळणार की नाही.
बँडवर आकडे दिसत नाहीत. रेकॉर्ड थेट बाईंच्या कॉम्प्युटरवर उघडतं. म्हणजे स्वतःच्याच घरात चुगलखोर पाळायचा.

बुधवार, ५
संताप. सातला घरी आलो, चिंगी सोफ्यावर. आठला सोफ्यावर. नऊला सोफ्यावर. परीक्षा आहे म्हणे. हे सगळं मी समोरच्या खुर्चीतून जागचा न हलता डोळ्यांनी पाहिलं. ही आजची तरुण पिढी.

शुक्रवार, ७. सकाळी ७.१०
अजून झोपलीय. मी पाच तासांच्या वर झोपत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून दुसऱ्या मजल्याला उत्तरं देणारा दुसरा आहे कोण?
पोरगी फायनलला मुकणार. सहावीपासून याच सामन्यासाठी घाम गाळतेय. बापाने हातावर हात ठेवून बसायचं?

शनिवार, ८
निर्णय झाला. उरलेले दिवस बँड मी घालणार. वजनकाट्यावरची नोकरी म्हणजे चेष्टा नाही. ट्रक काट्यावर चढतो, मी वजन घेतो, उतरतो. म्हणजे ट्रक उतरतो. दिवसाला चारशे टन माल हलवतो मी. इतकी धावपळ पाहून बाई तोंडात बोट घालतील.
चिंगी म्हणाली, ही लबाडी आहे. बायको म्हणाली, टन ट्रक उचलतो, तुम्ही खुर्ची उबवता. दोघींना चांगलं अर्धा तास सुनावलं. शेवटी चिंगीने बँड काढून माझ्या हातात दिला.
"घ्या बाबा. पण आता ओरडू नका."
पटलं तिला.

सोमवार, १०
साडेपाचला उठून चालायचं ठरलं होतं. उठलो. बुटाची नाडी तुटली. हल्ली नाड्यासुद्धा धड करत नाहीत लोक! चालणं उद्यापासून, दुप्पट.
कामावर एका ड्रायव्हरने वजनावरून हुज्जत घातली. खिडकीतून हात नाचवून त्याला असा झापला की बस. पाचशे पावलं तरी पडली असतील.

बुधवार, १२
दर तासाला उठायचा संकल्प. पण रांगेत बारा ट्रक, उठू कसा? चहा आणायला उठणार होतो, तर चहावाला आपणच टेबलावर ठेवून गेला. त्याला नको म्हणून मन मोडायचं का?
एकूण अंदाजे नऊ हजार पावलं. कमीत कमी.

शुक्रवार, १४
कंबर धरलीय. अतिश्रम. चिंगी म्हणाली, बाबा, जरा चालून या, बरं वाटेल. तिलाच झापलं. दुखणाऱ्या कंबरेला चालवतात होय?

सोमवार, १७. संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
बाईंनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. पहिले पाच दिवस उत्तम. चिंगी दुपारभर गच्चीवर येरझाऱ्या घालत पाठांतर करायची. साडेआठ तास झोप. मी घरी यायचो तेव्हा ती दमून बसलेली असायची, एवढंच. सहाव्या दिवसापासून बसणं तेरा तास. झोप साडेचार तास, तीही तुकड्यातुकड्याने. आणि रक्तातली सूज मात्र उतरलेली. गुडघाच होता तो.
रक्त सुधारलं आणि पोरगी बिघडली, हे बाईंना जुळेना. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "घरात काही त्रास आहे का? मला सांग."
चिंगीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "काही नाही. अभ्यास होता."
मला वाटलं, बरं झालं, निभावलं. मग तिचा हात दिसला. बँडचा पट्टा जिथे असायचा, तिथे ती नखाने ओरखडत होती. मी ओरडलोच, "तो मी आहे! ते तेरा तास माझे आहेत!" कबूल करतानासुद्धा मला ओरडल्याशिवाय जमलं नाही.
बाई शांतपणे म्हणाल्या, आता नुसत्या रक्तावर खेळायला सोडता येणार नाही, आठ दिवस खरं रेकॉर्ड हवं. म्हणजे २५ तारीख. मी नियमांवर, यंत्रांवर, बाईंवर तोंडसुख घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक चिठ्ठी लिहिली. रक्त तपासणीची. माझ्या नावाने.
घरी आल्यावर चिंगीने बँड माझ्याकडून मागून घेतला आणि मनगटावर चढवला. माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २३
एका गोलने हरलो.
चिंगी संघाचा शर्ट घालून राखीव बाकावर होती. दीड तास बसून. माझ्यामुळे बसली. मी कठड्यापाशी शेवटपर्यंत उभा होतो, कोणी बस म्हटलं तरी बसलो नाही. पाय भरून आले.
बँड तिच्या हातात होता. तिचं ते बसणं त्यात टिपलं गेलं असेल. माझ्या उभं राहण्याची नोंद कुठेच नाही.