सात नंबरची जाळी

७ जून २०२१, सोमवार

आज कासारसाईला पोचलो. जागा मनासारखी निघाली. खोलीच्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं, दारात रायवळ आंबा आहे. मालक हैबतराव स्वतः रस्त्यापर्यंत घ्यायला आले होते. त्यांनी हिंजवडीकडची जमीन विकून कंपन्यांचे कर्मचारी ने-आण करायला एकोणीस बस घेतल्या. एप्रिलमधल्या लॉकडाऊनपासून सगळ्या इथेच उभ्या आहेत. ते म्हणाले, या वावरात आधी भात लावायचो, आता बस लावल्यात, काय उगवतंय बघू. बऱ्याच दिवसांनी हसलो.

काम सोपं आहे. रोज प्रत्येक बस सुरू करायची, पंधरा मिनिटं इंजिन आणि एसी चालवायचा आणि बस हातभर पुढे घ्यायची, म्हणजे टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. जुने ड्रायव्हर कुशाबा सगळं दाखवणार आहेत.

माझी बायको जान्हवी सहा वर्षं यांच्याच बसने बँकेच्या कॉल सेंटरला जायची. हैबतरावांना ते माहीत आहे, म्हणूनच त्यांनी हे काम दिलं असावं. तिला जाऊन आज महिना झाला. संध्याकाळी पोटभर जेवलो.

९ जून

कुशाबा साठीला आलेले आहेत. मी प्रत्येक सीट पुसतो याची त्यांना गंमत वाटते. म्हणाले, "निरंजनराव, बस पुसताय का द्येव धुताय?" दुपारी त्यांची सून गौतमी डबा घेऊन आली. कडेवर वर्षाचा मुलगा, सुरज. मी थँक्यू एवढंच म्हणालो, तर सासऱ्याला विचारते, "मामा, ह्ये दादा बोलत्यात का नुस्ती मान हलवत्यात?" कुशाबा म्हणाले, शिकलेली माणसं हायेत, जपून बोलत्यात.

मग त्यांनी मला सात नंबरची बस दाखवली. डावीकडे खिडकीजवळ पाचवी सीट. जान्हवी तिथे बसायची. शेवटच्या आठवड्यात ती काचेला तोंड लावून खोकायची, लोकांनी उतरवू नये म्हणून. दोन बारीक खोकले, मग एक लांब, दाबून धरलेला. अधूनमधून एवढंच म्हणायची, "काका, एसी बारीक करा." हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या अकरा दिवसांत मला तिचा आवाज ऐकायला मिळाला नाही. नंतर स्मशानात पिशवी दिसली, तीही लांबून.

१२ जून

हैबतरावांना काम मिळालं. एकवीस तारखेपासून खोकी बनवण्याच्या कारखान्यात बायका न्यायच्या, एका बसमध्ये निम्म्याच. गौतमीलाही तिथे काम मिळालं आहे. या बसच्या काचा उघडत नाहीत, एसी लावावाच लागतो. म्हणून सगळे एसी आतून जंतुनाशकाने धुवायचे. मेकॅनिक यायला तयार नाही, तेव्हा ते माझ्याकडे आलं.

आज छताच्या, प्रत्येक सीटवरच्या एसीच्या जाळ्या उघडल्या. प्रत्येक जाळीवर करडा, बोटभर जाड थर. केस, कातडीचा कोंडा, धूळ, आणि हे सगळं कशाने तरी चिकटलेलं. एका टोकाला धरून ओढलं की दुधाच्या सायीसारखं सबंध निघतं. जाळीमागच्या पन्हळीत पाणी होतं. कुशाबा म्हणाले, रोज एसी लावताय, पाणी साठायचंच. पण हे पेजेसारखं दाट होतं आणि कोमट होतं. बोट बुडवलं तर तार निघाली. वास सकाळी न धुतलेल्या तोंडाचा. प्रत्येक सीटवर वेगळा. कुठे तंबाखू, कुठे बडीशेप, कुठे किडलेला दात. माणसं गेली आणि त्यांची तोंडं मागे राहिली, असं काहीतरी वाटलं. दोनदा बाहेर जाऊन ओकलो.

सात नंबरची पाचवी जाळी शेवटी उघडली. ओवा आणि कापूर. तेव्हा सगळेच त्याची पुरचुंडी हुंगत होते, तीही हुंगायची. आणि त्याच्या खाली तो गोडसर, सडका वास. घरातले तिचे शेवटचे चार दिवस मी त्याच वासात झोपलो होतो.

जाळी परत लावून टाकली.

१४ जून

अठरा बस धुऊन झाल्या. हाताची कातडी निघाली आहे. सात नंबर धुतली नाही. कॅन घेऊन तीन वेळा चढलो आणि तीन वेळा उतरलो. ते धुतलं की तिचं काहीच उरणार नाही.

हैबतरावांनी विचारलं, सगळ्या झाल्या का? मी हो म्हणालो. वहीत सात नंबरपुढेही 'झाली' लिहिलं.

१६ जून

सात नंबरची पन्हळ भरून वाहते आहे. पाचव्या सीटची काच आतून धुरकटते, भर उन्हात, फक्त तेवढीच. कपड्याने पुसली तर हाताला शेंबडासारखं लागलं. तीन वेळा साबण लावला, तरी बोटं एकमेकांना चिकटतात.

एसी बंद केला. इंजिन बंद केलं. खिशातली पावती जाळीखाली धरली. ती वर ओढली गेली. मग खाली आली. मग परत वर. मी मोजलं. माणूस झोपेत श्वास घेतो तेवढ्याच वेळाने.

मी पळालो नाही. बसून राहिलो. याचीच जास्त किळस येते.

१८ जून

खोकला ऐकू आला. दोन बारीक, एक लांब.

मी सीटवर उभा राहिलो आणि जाळीला तोंड लावलं. तिला हाक मारली. आतून ते कोमट पाणी ओठांवर आलं. मी पुसलं नाही. गिळलं. हे कुणाला सांगता येणार नाही. दिवसभर जिभेवर चव आहे, चूळ भरून जात नाही.

२१ जून

बायका आल्या. कुशाबांनी सात नंबर काढली, तिचं इंजिन सगळ्यात बरं आहे म्हणून. एकाआड एक सीट. गौतमी पाचव्या सीटवर बसली. खिडकीतून मला म्हणाली, "दादा, लई चकाचक केलीया." तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मान हलवली.

२३ जून

गौतमी खोकते आहे. दोन बारीक, एक लांब. तिचा आरटीपीसीआर निगेटिव्ह आला.

कुशाबा हसत सांगत होते, येडी झालीया सून, आज बसमंदी मला मामा न्हाई, काका म्हनली. म्हनं, काका, एसी बारीक करा.

मला हसता आलं नाही.

कोणी नसताना सात नंबरमध्ये गेलो. जाळी आता जोरात ओढते.

२६ जून

गौतमीला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं स्वच्छ आहेत, हवा आत जाते, पण रक्तात उतरत नाही. कुशाबांनी तिला फोन लावून दिला, म्हणाले, धीर द्या, तुमी शिकलेले. पलीकडून ती म्हणाली, "निरंजन, अकरा दिवस वाट बघितली. का नाही आलास?"

गौतमीचा आवाज. बोलणं जान्हवीचं.

मी फोन ठेवला. ज्यासाठी हे सगळं केलं ते मिळालं, आणि मला मोरीत जाऊन ओकावं लागलं. ते पाणी तसंच्या तसं बाहेर आलं, अजून कोमट —

२९ जून

सकाळी कुशाबांना फोन करून सांगितलं. सात नंबर धुतली नाही. खोटं लिहिलं. बायकोचा श्वास त्यात होता म्हणून. मला वाटलं ते वेडा म्हणतील. ते म्हणाले, माझी सून बसनार हाय ते ठावं होतं न्हवं तुमास्नी? उद्या येतो, माझ्या हातानं धुतो.

दुपारी शेवटचं म्हणून सात नंबरमध्ये गेलो. जाळीत दोन श्वास आहेत. एक जुना. दुसरा नवा, घाबरा, दुधाच्या वासाचा. तो सुरजला हाक मारत होता. गौतमी दवाखान्यात आहे, जिवंत आहे, पण तिचा श्वास इथे —

कुशाबांना लगेच फोन केला. बोलायला तोंड उघडलं तर —

३० जून

आवाज नाही. तोंड उघडलं की खोकलाच येतो. दोन बारीक, एक लांब. माझा नाही तो.

कुशाबा आले. दवाखान्यातून थेट. डोळे लाल. गौतमी तशीच आहे म्हणाले. कॅन उचलला. मी बाही धरली. त्यांनी झटकली — आता हात लावू नगा मला. मी खुणा केल्या. त्यांनी बघितलं नाही.

आत चढले. दार लावून घेतलं. मी पायरीवर आहे. जाळ्या उघडल्याचा आवाज येतो आहे. पहिली. दुसरी —

मोठ्या अक्षरात लिहितो, काचेला लावून दाखवतो.

कुशाबा ओतू नका. पाचव्या जाळीत आता गौतमी आहे. जान्हवी एकटी नाही. आधी गौतमीला बाहेर कसं काढायचं ते —

वर बघत नाहीत. चौथी उघडली.

कुशाबा काचेकडे बघा. ती सुरजला हाक मारते आहे, कान लावा, एकदा फक्त कान लावा, ओतलंत तर ती तिकडे दवाखान्यात