गोदीची यादी

एकोडी,
१८ नोव्हेंबर १९८६

प्रिय भोजराज,

तू मुंबईले सुखरूप पोहोचला असशीन. मी मात्र तू गेल्यापासून चरफडून राहिली आहो. भाऊबीजेले तू एवढं भारी रेशमी लुगडं आणलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दरवर्षी साधं पातळ आणणारा माझा भाऊ यंदा काहून एवढा उदार झाला? जेवताना आपल्या भाऊजीइकडे एकदा तरी मान वर करून पाहिलं का तू? आणि मले एकटीले गाठून काय काय विचारलं! शेतातल्या बोडीचं, त्या लहान तळ्याचं पाणी उन्हाळी धानाले पुरते का, शेतीवर घर भागते का, भाऊजीइले आता मुंबईची हवा मानवत नाही, गावीच बरं. अरे, बावीस वर्षं त्याच हवेत गोदीत लोखंड जोडलं त्याइनं, आताच काय झालं त्या हवेले?

परवा करडी गावचा टेकचंद आला. तोही तुमच्याच गोदीतला. बोलता बोलता बोलून गेला, का नौदलाचं नवं जहाज बांधायले नाही, नव्या वर्षात दोनशे माणसं कमी होणार, अन् कोणाले काढायचं त्याची यादी तुझ्याच हापिसात बनून राहिली आहे. तू चार दिवस घरी होता, पण तोंडातून ब्र काढला नाही! बहिणीच्या नवऱ्याचं नाव आधी टाकलं म्हणजे साहेब म्हणतीन, बाबू मोठा इमानदार. हेच ना? खोटं असंन तर रागाव माझ्यावर. देवाशप्पत, मले आनंदच होईन.

हे सुट्टी टाकून धान चुरायले, मळणीले घरीच आहेत. याइले यातलं काहीच ठाऊक नाही. टेकचंदलेही मी गप्प बसवलं. काल खळ्यावर छाती फुगवून सांगून राहिले होते, का आमचा भोजराज हापिसात आहे, आम्हाले कायची भीती! मले रडूच कोसळलं. साहेबाच्या दारात आठ दिवस उभं राहून याइनंच तुले गोदीत चिकटवलं ना रे?

नाव खोड म्हणून हे पत्र लिहिलं नाही. तुलेही लेकरं आहेत, तुझ्यावरही साहेब आहे. नोकरी गेली तर जाऊ दे, आम्ही धान पिकवून खाऊ. पण यादी हातानं लिहून फाटकावर लावतात म्हणे. तुझं पत्र आलं का पाकिटावरचं अक्षर पाहूनच हे दारातून ओरडतात, भोजराजचं आलं! म्हणून हात जोडून सांगते, तेवढं एक नाव दुसऱ्या कोणाच्या हातानं लिहून घे.

तुझीच मोठी बहीण,
सत्यवती