अठरा मीटर

१४ डिसेंबर, सकाळ

ती. बाबांना नमस्कार.

मी बरी आहे. नव्या खोलीत ऊन येतं. तुमची तब्येत विचारत नाही. का, ते पुढे कळेल.

तीन महिन्यांपूर्वी रस्ते समितीत तुम्ही, सगळ्यांत जुने तज्ज्ञ, म्हणालात की माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो. रस्ता अठरा मीटरचा. तेव्हा दवाखान्यासमोरच्या सिग्नलला पंधरा सेकंद पुरेत. मी म्हटलं, आधी मोजून पाहू. तुम्ही सर्वांदेखत म्हणालात, "हिला रस्ता ओलांडायला मीच शिकवलं." सगळे हसले. त्यानंतर आपण बोललो नाही.

मी मोजलं. सात दिवस, रोज सकाळी, तिथल्या शिंपीणकाकूंच्या माडीवरच्या खिडकीतून. धुक्यात रस्ता नसतोच. हिरवा दिवा पाण्यात पडल्यासारखा पसरतो आणि माणसं त्यावरून तरंगत येतात, पावलांचा आवाज मागाहून. हातात घड्याळ असूनही किती वाजले ते कळत नसे. काजं करता करता काकू म्हणाल्या, "मी माप न घेता कापड बेतलं तर गिऱ्हाईक अंगावर येतं. तुमच्यात चालतं होय?"

माणसं दोनशे बारा. एकसष्ट जणांना पंधरा सेकंद पुरले नाहीत.

नोंद सत्याऐंशी: पुरुष, सत्तरीचा, सव्वीस सेकंद. आभाळ कोरडं, तरी हातात छत्री. दर पावलाला तो ती टेकत होता. मध्यावर दिवा बदलला. गाड्या थांबल्या, एक थांबली नाही. ती अगदी जवळून गेली आणि तो छत्री उंच धरून धुक्यात उभा राहिला, कुणाला तरी हाक मारावी तसा.

छत्रीची मूठ मी ओळखली, बाबा. पण खाली धावले नाही. तुम्ही पलीकडे पोचेपर्यंत घड्याळ चालू ठेवलं. माप चुकू नये म्हणून, असं काकूंना सांगितलं.

गुरुवारी समिती निर्णय घेईल. ती नोंद वगळली तरी निष्कर्ष तोच येतो. मी करून पाहिलं. तरी वगळणार नाही. नाव कुठेही लिहिलेलं नाही.

गुरुवारी सकाळी आठ वाजता दवाखान्याच्या बाजूला या. छत्री नको, काठी आणा. घड्याळ या वेळी काकूंकडे देईन. माझे हात मोकळे हवेत.

तुमच्याकडूनच रस्ता ओलांडायला शिकलेली,
तुमची मुलगी