बावटा कुणी उतरवला

गॉस्पोर्ट, ३ मार्च १७९८

चि. जाबेझ यास थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमच्या ‘इव्हनस्टार’ जहाजाच्या बावट्याला खरोखर काय लागलं ते कप्तान हॅलमना कधी कळायचं नाही, म्हणून तुला लिहितो. लोकरी कापड चाळीस वार, मेण लावलेला दोरा सहा रिळं, तुझ्या वहिनीच्या दोन बोटांची कातडी, आणि दहा दिवसांच्या कामाला फक्त सहा दिवस, कारण कप्तानांना भरती गाठायची होती. पण बावटा असा झालाय की डोलकाठी मोडेल, तो सुटणार नाही. दुकानाच्या पाटीवर तसं रंगवूनच घेतलं आहे: ‘पर्किसची शिवण सुटत नाही.’ कप्तानांनी ते मोठ्यानं वाचलं आणि हसले. समोरची केनेल विधवाही बावटे शिवते म्हणे. ती शिवते त्या चादरी.

बावट्यापाशी तुझीच नेमणूक झाली हे ऐकून बरं वाटलं. सकाळी आठला तो चढताना सगळे टोप्या काढतात, त्या राजासाठी. त्यातली एक तेवढी माझ्यासाठी समज. वहिनी विचारते, लोकरीचे मोजे घालतोस की सोंगट्यांत हरलास?

लोभ आहे तसा राखावा, समुद्राच्या वाऱ्यानं पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
इलायस

—

स्पिटहेड, जहाजावरून, २१ एप्रिल १७९८

ती. दादास जाबेझचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पायात बेड्या आहेत, हात मोकळे आहेत, म्हणून लिहू शकतो.

नऊ तारखेला फ्रेंच जहाज गाठलं. तासाभरात आमच्या मधल्या डेकवर वाळू टाकूनही पाय ठरत नव्हता, इतकं रक्त. माझ्या शेजारचा सुकाण्या बोलता बोलता कमरेत तुटला, आणि त्याचे हात चक्राला तसेच धरलेले राहिले. ते मी सोडवत होतो, तेवढ्यात वरून बावटा माझ्या अंगावर कोसळला. त्या धुरात मला आधी वाटलं, शीडच पडलं.

बावटा खाली आला म्हणजे शरण आलो, हे तिकडेही तेच आणि इकडेही तेच. फ्रेंचांनी तोफा थांबवल्या. त्यांची होडी निघाली, बावीस माणसं, आणि पुढे त्यांचा अधिकारी टोपी हातात घेऊन उभा, कप्तानांची तलवार घ्यायला. आमच्या पुढच्या गोलंदाजांना धुरामुळे मागचं काही दिसलं नव्हतं. त्यांनी तीस पावलांवरून छर्रे झाडले. होडीत बसलेलं कुणी उरलं नाही. टोपी तेवढी पाण्यावर तरंगत राहिली.

त्यानंतर फ्रेंच थांबले नाहीत, दादा, आणि त्यांना दोष कसा द्यावा? जखमी खाली नेत होतो, त्या जिन्यावरच त्यांचे गोळे येत होते. आमची त्रेपन्न माणसं गेली. मागची डोलकाठी दोरांसकट समुद्रात गेली. आपली दोन जहाजं क्षितिजावर दिसली म्हणून फ्रेंच वळले आणि आम्ही उरलो.

आता कुणीतरी बावटा उतरवला असला पाहिजे. नाहीतर कप्तानांनी शरण येऊन दगा दिला असं होतं. नौसैनिकांचा लेफ्टनंट क्रोल सांगतो, बावटा मी मिठीत धरलेला त्यानं पाहिला, आणि कमरेला सुरी होती. सुरी सगळ्यांच्याच कमरेला असते. मी म्हणालो, गोळ्यानं तुटला असेल किंवा शिवण उसवली असेल. त्यावर कप्तान म्हणाले की बावटा पर्किसकडचा आहे, त्याची शिवण सुटत नाही, तसं त्याच्या पाटीवरच लिहिलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शनिवारी न्यायसभा आहे. आईला कळवू नकोस. माया करत आलास, तशीच कर.

तुझा धाकटा,
जाबेझ

—

गॉस्पोर्ट, २५ एप्रिल १७९८

चि. जाबेझ यास अ. आ., वि. वि.

तुझं पत्र आणि तुमच्या जहाजाचा निरोप एकाच दिवशी हाती पडले. निरोप असा की दोन वारांचा पिवळा बावटा शुक्रवारपर्यंत शिवून द्यावा. पिवळा बावटा फाशीच्याच दिवशी चढतो, हे गॉस्पोर्टच्या मांजरांनाही ठाऊक आहे. वहिनीनं कापड चुलीत घातलं. मी चिमट्यानं काढलं, कारण निरोप्या दारातच उभा होता, पण काठ जळलाच.

परवा जहाजावर येऊन गेलो. तुला भेटू दिलं नाही. बावटा मात्र दाखवला, कारण मी म्हणालो की माझ्या मालाची अब्रू आहे. क्रोल माझ्या पाठीमागे उभा राहून शिट्टी वाजवत होता. मी काठ बोटांखालून पुढे सरकवत गेलो. सुरीनं कापलेलं कापड मला अंधारातही कळतं, आणि गोळ्यानं फाडलेलंही. काठ अखंड होता. दोर घालायची जाड पट्टी त्यापासून निघून वरच राहिली आणि डोलकाठीबरोबर बुडाली. काठावर सुईची भोकं होती, एका ओळीत.

दोन ओळी असायला हव्यात. सहाव्या दिवशी वहिनी म्हणाली होती की दुसरी ओळ राहिलीय. मी म्हणालो, एवढ्या उंचावर चढून कोण मोजणार?

मी क्रोलला काही बोललो नाही, बावट्याची घडी घातली आणि घरी आलो. दोन रात्री हिशेब करतोय, तो दुकानाचा नाही. त्रेपन्न आणि बावीस. शनिवारी मी येतोय. वहिनी सोबत येते, मी बोलताना अडखळलो तर ती बोलणार म्हणते.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही. तूच ठरव.

इलायस

—

‘इव्हनस्टार’, प्लिमथ, १४ मे १७९८

ती. दादास सा. न., वि. वि.

सुटल्यावर भेटू दिलं नाही, त्याच भरतीला निघालो. म्हणून इथून लिहितो.

तोफ झाली, न्यायसभेचं निशाण चढलं, तेव्हापासून मी तुझ्या तोंडाकडे पाहत होतो. अध्यक्षांनी तुला विचारलं की पर्किसची शिवण सुटते का. तू आधी वहिनीकडे पाहिलंस. मग तू म्हणालास, सुटते, ही मी स्वतः घातली आणि अर्धीच घातली. कुणीतरी हसलं. तू बावटा टेबलावर पसरून एकेक भोक दाखवत गेलास, आणि त्यावरच्या सुकलेल्या रक्तावर तुझा हात पडला तेव्हा हसणारा थांबला. ते रक्त त्या सुकाण्याचं होतं. त्याचं नाव ॲबल टिपेट. तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो.

तुझ्यावर राग आहे का असं वहिनीनं विचारलंय. आहे. होडीतला तो अधिकारी अजून रोज टोपी काढून समोर उभा राहतो. पण तू त्या दिवशी गप्प राहिला असतास, तर राग धरायला मी नसतो. एवढं तुझ्या बाजूला जमा.

नवे मोजे पोचले. सोंगट्यांत अजून हरलेलो नाही. घरी येईन तेव्हा शेगडीजवळची जागा माझी, हे ध्यानात असू द्यावं, आणि आपलं माणूस म्हणून जवळ ठेवावं.

तुझा,
जाबेझ

ता. क. आज सकाळी आठला नवा बावटा चढला, आम्ही टोप्या काढल्या. केनेल बाईनं शिवलेला आहे. दोन ओळी आहेत, मी मोजल्या.